दुष्काळातला चिखल

संपादकांनी मला टँकरवरच्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ड्रायव्हर म्हणून गेली. गमती पुष्कळ आहेत आणि आधी त्याच लिहितो. त्यांच्यामागून जे लिहायचं आहे त्यासाठी हात जरा चालता व्हायला हवा.

आमच्या टँकरांचा मूळ धंदा पाण्याचा नव्हता. उसातून साखर काढून घेतली की मागे काळा, चिकट पाक उरतो. त्याला मळी म्हणतात. ती दारूच्या कारखान्याला पोचवायची, एवढंच आमचं काम. पण दुष्काळ पडला की ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखाना बंद, आणि कारखाना बंद म्हणून टँकर उभे. मग चेअरमनसाहेब टँकरला हार घालून फोटो काढत आणि ते पिण्याच्या पाण्यासाठी देऊन टाकत. टाकी आतून वाफेनं धुवायची, सोडा टाकून घासायची. कितीही घासली तरी मळीचा वास जात नसे. पाणी फिकट तांबूस पडे. नेकनूरकडची एक म्हातारी मला दर खेपेला म्हणायची, "डायवर, पत्ती टाकलीस, आता दूध बी घालून आन की!" जनावरं मात्र त्या पाण्यावर तुटून पडत. एका पठ्ठ्यानं तर आमच्या पाण्यानं वरणात गूळ वाचतो असं गावभर सांगितलं होतं.

एक म्हातारा रोज रस्त्याच्या कडेला तांब्या घेऊन उभा असे. "देवाचं पानी आदी," म्हणे. मी थांबून तांब्या भरून देई. बायका विहिरीपाशी खोळंबलेल्या असत, पण देवाच्या तांब्याला कोण नाही म्हणणार? पुढे कळलं की तो तांब्या घरामागच्या आंब्याच्या रोपाला जातो. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. कोणी बोललं नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती वाचकांना ठाऊक नसेल. भरलेला टँकर चालवायला सोपा, रिकामा त्याहून सोपा. वाईट असतो तो अर्धा भरलेला. आतलं पाणी मागेपुढे हेलकावतं. ब्रेक दाबावा तर सगळं पाणी पुढे येऊन गाडीला ढकलतं, वळणावर एका अंगाला जाऊन गाडी पाडतं. म्हणून आम्ही अर्धा टँकर घेऊन कधी निघत नसू. रस्त्यावर हा नियम मी नेहमी पाळला.

दुसरी गोष्ट. गावात टाकी नसली की टँकर थेट विहिरीत ओततात. शहरातल्या माणसाला याचं नवल वाटतं. कोरड्या विहिरीत वरून पाणी सोडायचं आणि मग पोहऱ्यानं पुन्हा वर ओढायचं. पण त्याशिवाय इतक्या माणसांना पाणी वाटणार कसं? याचा अर्थ असा, की टँकरमध्ये जे असेल ते गावातल्या प्रत्येक घरी जातं.

बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांना आठवतो. मी सांगतो आहे तो त्याच्या बऱ्याच नंतरचा, ज्याला कोणी नाव दिलं नाही असा दुष्काळ. माझी खेप चौसाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावाला असे. गावाचं नाव लिहीत नाही. फाट्यावर, विहिरीच्या जरा वरच्या अंगाला, बहरामचं हॉटेल होतं.

बहराम इराणी होता, खराखुरा, इराण देशातला. निजामाच्या राज्यात चुलत्याचं बोट धरून लहानपणी हैदराबादला आला. चुलता वारला तेव्हा हॉटेलचं सामान बैलगाडीत घालून इकडे आला आणि इथलाच झाला. गोरा, उंच, डोक्याला टक्कल, अंगात कायम पांढरी बंडी. बोलायचं म्हणाल तर अर्धं दखनी, अर्धं आपलं. परगावचं गिऱ्हाईक विचारी, "शेठ, तुमच्या मुलखात काय खातेत?" तो म्हणे, "मेरे मुलुख में? ज्वारी की भाकर. और क्या!"

त्याच्या हॉटेलात बसलं की आधी पाण्याचा ग्लास येई, मग चहा. दुष्काळात बाकीच्या हॉटेलवाल्यांनी पाणी देणं बंद केलं होतं. बहराम मात्र देत राहिला. विहिरीतून आणलेल्या त्याच्या वाट्याच्या दोन बादल्यांतून तो गिऱ्हाइकांना पाणी द्यायचा आणि स्वतः अंघोळ करायचा नाही. "पानी कू नै नै बोलना," एवढंच म्हणायचा.

आणखी एक गोष्ट होती. मी बौद्ध. त्या रस्त्यावरच्या काही हॉटेलांत तेव्हाही आमच्यासाठी कान तुटलेला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे. कायदा होता, पण कपही होता. बहरामकडे सगळ्यांना सारख्याच कपबशा होत्या. एकदा गावातला कोणी तरी म्हणाला, "चाचा, जरा बघून देत जा." बहराम म्हणाला, "बघूनच देतो. कप धुतला हाय का ते बघतो." त्या दिवसापासून मी कुठंही असलो तरी चहासाठी बहरामकडेच थांबू लागलो.

परदेशी माणसाचं रोजचं जिणं कसं असतं हे मला त्याच्याकडे बसून कळलं. दर वर्षी बीडला पोलिसांच्या ऑफिसात जाऊन राहण्याची मुदत वाढवून आणायची. नातेवाइकाच्या लग्नाला हैदराबादला जायचं तरी आधी कळवायचं. निवडणुकीच्या दिवशी हॉटेलात पाय ठेवायला जागा नसे, प्रत्येकाच्या बोटाला शाई. बहराम चहा ओतता ओतता हसे, "सबकी उंगली काली, मेरी बशी काली." गावात सर्वांत जास्त साखर त्याला लागे, पण तो कारखान्याचा सभासद होऊ शकत नव्हता. सभासदाला जमीन लागते, जमिनीला नागरिक लागतो. हॉटेलची जागासुद्धा तात्यांची होती. तात्या म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन, बोलायला मऊ, शब्दाला जड. बहराम त्यांना मानायचा. मी एकदा म्हणालो, "चाचा, नागरिक होऊन टाका की." तो म्हणाला, "अर्जी दिया. दो बार दिया. सुनो माणिक, इथं राहायला मला दर साली विचारावं लागतं. तुला कोन विचारतं का, की बाबा आनखी एक साल राहू का?"

मी हसलो होतो.

तो दिवस वैशाखातला. आदल्या दिवशी माझी खेप चुकली होती आणि गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या. त्या सकाळी तात्यांचा निरोप आला की दुपारच्या आत पाणी पोचलंच पाहिजे. आमची पाणी भरायची विहीर नेकनूरच्या बाजूला होती. तिथं गेलो तर लाईट गेलेली, पंप बंद, टँकरांची आणि बैलगाड्यांची रांग. पंपवाला म्हणाला, "संध्याकाळपर्यंत काई आशा धरू नका."

परत फिरताना पाझर तलाव लागतो. तलाव म्हणजे नुसती भेगाळलेली जमीन, मधोमध एक डोह उरलेला. त्यात म्हशी बसलेल्या. माझ्या टँकरला स्वतःचा पंप होता. मी गाडी खाली उतरवली, म्हशींना हाकललं आणि पाइप टाकला.

मला कळत नव्हतं असं नाही. विहिरीत टाकायची जंतू मारायची पावडर संपल्याचं ग्रामसेवकानं मला स्वतः सांगितलं होतं. मी मनाशी म्हणालो, एका खेपेनं काय होतंय! हंडे रिकामे राहण्यापेक्षा बरं. आणि त्या दिवशी मळीचा वास माझ्या कामी आला. रंग तांबूस असतोच, वास येतोच. कोणाला काही वेगळं वाटणार नव्हतं.

वाटलंही नाही. विहिरीत पाणी सोडलं, बायकांनी पोहरे टाकले. वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला आमच्या बौद्धवस्तीतल्या बायका, त्यांत माझी बहीण वत्सला. ती त्याच गावात दिलेली.

बहराम आपल्या बादल्या घेऊन आला आणि माझ्या टँकरपाशी थांबला.

"माणिक, टायराला चिखल हाय बे."

"पंपापाशी पाणी सांडलं होतं."

त्यानं टायराला बोट लावलं, नाकाशी नेलं. "पंपापाशी म्हशी बसतेत काय?"

"चाचा, चहा टाका. जमादारावानी इचारू नका."

आसपासच्या शिवारात ओली माती पाहून लोकांना महिने झाले होते. माझ्या सगळ्या टायरांना ती लागलेली होती आणि बहरामखेरीज कोणी तिकडं पाहिलं नव्हतं. पाण्याकडे बघणाऱ्या माणसाला टायर दिसत नाहीत.

चहाचा कप माझ्यापुढे ठेवून तो हळूच म्हणाला, "मैं तो आज सब उबालता, चा का बी, ग्लास का बी. उनका क्या? जा, सांग त्यांना."

"काय सांगू?"

"इतकंच सांग, उकळून प्या."

"सरपण कुटं हाय त्यांच्याकडं? एका दिवसाचं काम हाय चाचा, उद्या चांगलं आणतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, विहिरीपाशी गेला आणि बायकांना म्हणाला, "बहनजी, आज जरा उबालके पियो." बायका हसल्या. एक जण म्हणाली, "का वो चाचा, आमी काय चहा हावत का, उकळायला?" दुसरी म्हणाली, "त्यांच्या मुलखात पित असतील." हंडे भरले गेले. मी गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलं पाणी घेऊन पोचलो तर शाळेपुढे जीप उभी. व्हरांड्यात माणसं ओळीनं निजवलेली. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधलेल्या. उलट्या-जुलाबांनी सगळं गाव आडवं झालं होतं. वत्सलाचा नवरा भिंतीला टेकून बसला होता, त्याला मान धरवत नव्हती. तात्यांची नात, नुकती चालाय-बोलायला लागलेली, आईच्या मांडीवर डोळे खोल गेलेले, हाक मारली तर बघत नव्हती. तात्या तिच्या पायाचा तळवा चोळत बसले होते. एवढा मोठा माणूस, त्यांच्या डोक्यावर पागोटं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यातून आलंय. बहराम तेवढ्यात मोठं पातेलं भरून उकळलेलं पाणी घेऊन आला, मीठ-साखर घातलेलं. काहींनी घेतलं, काहींनी तोंड फिरवलं. बोट त्याच्याकडे वळणार, हे तेव्हाच मला समजायला हवं होतं.

दुपारपर्यंत लेकरू सावरलं, सगळेच सावरले. कोणी दगावलं नाही. मग भीती उतरली आणि राग वर आला. सोसायटीच्या गोदामाच्या पायऱ्यांवर गाव जमलं. तात्या मध्ये बसले. मी टँकरला टेकून उभा होतो. सकाळी निघण्याआधी कारखान्यात टायर धुऊन घेतले होते.

एक जण म्हणाला, "ह्या इराण्याची मोरी विहिरीच्या वरल्या अंगाला हाय. उष्टंखरकटं पानी झिरपतंय."

"त्याचं एक बी गिऱ्हाईक पडलं न्हाई. त्यो बी ठणठणीत हाय. ह्ये कसं काय?"

मागून एक बाई ओरडली, "त्यो काल आमाला म्हनला व्हता, उकळून प्या म्हनून! त्याला आदीच ठावं व्हतं!"

मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. कोणी तरी हॉटेलाच्या पत्र्यावर दगड टाकला. तात्यांनी हात वर केला.

"बहराम, बोल. काल कावून सांगितलंस?"

बहराम पायऱ्यांच्या खाली उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. धुतलेल्या टायरांकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. गर्दीतल्या कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, हा माणूस उत्तर आठवतो आहे. तो माझी वाट पाहत होता.

मग तात्या माझ्याकडे वळले.

"माणिक, पानी नेहमीच्याच विहिरीचं व्हतं ना?"

"व्हय तात्या."

एवढाच शब्द.

तेव्हा काय वाटलं ते लिहितो, कारण तेही खरं होतं. पाणी बौद्धाच्या पोरानं आणलं, डबक्यातलं आणलं, गावाच्या विहिरीत ओतलं आणि तात्यांची नात मरता मरता वाचली, हे त्या पायऱ्यांवर उच्चारलं गेलं असतं तर ते माझ्यापाशी थांबलं नसतं. खालच्या अंगाला वत्सलाचं घर होतं, आमची सगळी वस्ती होती. लोक म्हणाले असते, विहीर बाटवली. त्या शब्दापुढे कोणाचंच ऐकलं जात नाही. गर्दीच्या कडेला वत्सला उभी होती, पदर दातांत धरून. तिला काही ठाऊक नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं आणि "व्हय तात्या" म्हणालो.

गर्दी पांगल्यावर मी हॉटेलात गेलो. एकही गिऱ्हाईक नव्हतं. बहरामनं नेहमीसारखा आधी पाण्याचा ग्लास ठेवला. मला तो उचलवेना.

"चाचा, तुमी कावून बोलला न्हाईत?"

"मी बोललो असतो तर चुगली झाली असती बे. तू बोलला असतास तर ते खरं झालं असतं." मग बशी पुसत म्हणाला, "मगर तेरी बहन उधर रहती. मैं समझा."

तो समजला, आणि त्याच्या समजण्यावर मी पुढे बरेच दिवस काढले.

पाऊस पडला. गाव पेरणीला लागलं. आजाराची गोष्ट मागे पडत चालली होती. लोक दोघं-तिघं करून पुन्हा बहरामकडे चहाला बसू लागले होते. अशात बहरामची राहण्याची मुदत संपत आली आणि चौकशीसाठी पोलिसांचा जमादार आला. तो गावात सर्वांना भेटला आणि मग कारखान्याच्या गेटवर मला गाठलं. आम्ही दोघंच, लिंबाखाली. जमादार माणूस बरा होता, घाईत नव्हता.

"तू रोज त्याच्याकडं बसतोस. मानूस कसा हाय?"

"चांगला हाय."

"मग ते विहिरीचं काय? गाववाले म्हनतेत त्याच्या मोरीनं झालं. तुला काय वाटतं? हितं कोन ऐकत न्हाई, बोल."

इथं वस्ती नव्हती. गर्दी नव्हती, दगड नव्हता. जमादाराला मी म्हणू शकलो असतो, साहेब, मोरीचा संबंध नाही, मला कसं माहीत ते विचारू नका. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण हा पुढे विचारील, कारखान्यात कळेल, टँकर हातातून जाईल, असं सगळं डोक्यात आलं. आणि एक विचार आला तो सर्वांत वाईट. मनात म्हणालो, आपल्याला जायला जागा नाही. त्याला काय, त्याचा देश आहे.

"विहिरीचं मला काई म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

बहरामच्या देशात तेव्हा लढाई चालू होती. तिच्या बातम्या त्याच्याच हॉटेलातल्या रेडिओवर मी रोज चहा पीत ऐकत होतो.

पायऱ्यांवरची भीती खरी होती. लिंबाखालची भीती सोयीची होती. ह्या दोन भीतींतला फरक मला तेव्हाही कळत होता.

मुदत वाढवून मिळाली नाही, देश सोडायचा हुकूम आला. तात्या बहरामला म्हणाले, "वरनं आलंय, माझ्या हातात काय हाय?" पुढे ती जागा तात्यांच्या पुतण्यानं चालवायला घेतली, तेव्हा लोक म्हणाले, सगळं जागेसाठी केलं. मला तसं वाटत नाही. त्या लेकराचे पाय चोळणारे तात्या मी पाहिले आहेत. माणूस घाबरला की दोष द्यायला जवळचा परका शोधतो. तात्यांना बहराम सापडला आणि मी सापडू दिला.

बहरामला परळीहून हैदराबादची गाडी धरायची होती. "मला पोचव," तो म्हणाला. मी नको म्हणू शकलो नाही. एक ट्रंक, एक वळकटी आणि चुलत्याच्या वेळचा तांब्याचा बंब, एवढं सामान टँकरच्या केबिनमध्ये ठेवलं. गावातले बरेच जण फाट्यावर आले. एका बाईनं भाकरी बांधून दिल्या. पत्र्यावर दगड टाकणारासुद्धा आला होता आणि ट्रंक त्यानंच वर चढवली. हा गावांचा स्वभाव मला आजवर कळलेला नाही.

फाटा मागे पडला. मग मी विचारलं, "तिकडं इराणात कोन हाय?"

"माँ थी. अब कोई नै."

"फारसी येती का अजून?"

"गिनती आती. माँ के हाथ की मार याद आती. बाकी सब गया." तो बाहेर बघत हसला. "उतरके पहला लफ्ज क्या बोलूँगा? लई ऊन हाय बे! वो बोलेंगे, ये हिंदुस्तानी कहाँ से आया?"

नेकनूरच्या वळणावर तो म्हणाला, "उधर ले."

"चाचा, उशीर होईल."

"ले."

पाझर तलाव काठोकाठ भरला होता. तो खाली उतरला, चपला काढल्या, घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिला. मी केबिनमध्येच बसलो होतो. तो मागे न वळता मोठ्यानं म्हणाला, "यहींच?"

मी उतरलो. त्याच्यापर्यंत चालत गेलो. "व्हय," म्हणालो. "हितलंच."

त्यानं मान हलवली. पाय धुतले, तोंड धुतलं. रुमाल नव्हता म्हणून बंडीच्या टोकानं पुसलं.

"अब बोल मत," तो म्हणाला. "बहिनीची लेकरं लहान हायत. मोठी होऊ दे, त्यांच्या पायावर उभी राहू दे. मग सांग. गावाला सांग, बहराम की मोरी साफ थी."

"सांगतो."

"चल. गाडी सुटंल."

मग वडवणीमार्गे परळीला गेलो. स्टेशनवर त्यानं बंब माझ्या हातात दिला. भेट देतोय असं वाटून मी घेतला नाही. तो म्हणाला, "तुला नाही देत बे. जरा धर, मला चढू दे." चढल्यावर त्यानं खिडकीतून तो मागून घेतला आणि मांडीवर धरून बसला. गाडी हलली. त्यानंतर त्याचं काही कळलं नाही. लढाई संपल्याचं रेडिओवर ऐकलं तेव्हा मी दुसऱ्याच हॉटेलात बसलो होतो.

वत्सलाची लेकरं मोठी झाली, शिकली, पुण्याला गेली. तेव्हा सांगायचं होतं. पण वत्सला अजून गावात होती. ती गेली तेव्हा तात्या होते, आजारी होते, त्यांना त्रास कशाला? तात्या गेले तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो. कारखान्यानं सत्कार ठेवला, चेअरमन भाषणात म्हणाले, ह्या माणसानं दुष्काळात गावं जगवली. मी हार घालून घेतला. अर्धा टँकर घेऊन मी रस्त्यावर कधी निघालो नाही असं वर लिहिलं आहे. घरात मात्र मी तसाच चाललो. आतलं हेलकावत राही आणि मी ब्रेक न दाबता चालवत राही.

गेल्या उन्हाळ्यात एसटीनं चौसाळ्याला चाललो होतो. तो फाटा जवळ आला. कंडक्टर ओरडला, "इराणी फाटा!"

नाव तेच राहिलं आहे. माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण जोडपं होतं, परगावचं. मुलीनं शेजारच्या बाईला विचारलं, "इथं इराणी राहतात का?"

बाई पन्नाशीकडे आलेली, हातात भाजीची पिशवी. म्हणाली, "न्हाई गं. एक व्हता पूर्वी. हॉटेल व्हतं त्याचं. त्यानं विहिरीत घान पानी सोडलं, समदं गाव आजारी पडलं. मग सरकारनं दिला हाकलून."

ती हे रागानं बोलली नाही. जसं कुठली नदी कुठून येते ते सांगावं, तसं सांगितलं. तिच्याकडून ती मुलगी घेणार, आणखी कुठे तरी सांगणार. मला दिसलं की मी मेल्यावरही हे असंच चालू राहणार आहे, दर खेपेला, कंडक्टरनं नाव पुकारलं की.

"न्हाई," मी म्हणालो.

बाई मागे वळली.

"घान पानी त्यानं न्हाई सोडलं. त्याची मोरी साफ व्हती. डबक्यातलं पानी मी आणलं आन् मीच विहिरीत वतलं."

"तुमी कोन?"

"टँकरचा डायवर."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मळीच्या टँकरचा?"

"व्हय."

बसमधल्या दोघाचौघांनी माना वळवल्या. कोणाला वाटलं असेल म्हाताऱ्याला ऊन लागलं. बाईनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मी बी पडले व्हते तवा," ती म्हणाली. "शाळंच्या खिडकीला माजी बाटली बांदली व्हती. चाचानं पातेलं आणलं तर माज्या आयनं पिऊ दिलं न्हाई." तिनं पदर सावरला. "मग तवाच कावून सांगितलं न्हाई, बाबा?"

वस्तीचं सांगता आलं असतं. वत्सलाचं, टँकरचं, सगळंच. ती सगळी कारणं माझ्यापाशी इतकी वर्षं तयार होती. त्यांतलं एकही मला तिच्यापुढे काढवेना.

कंडक्टरनं घंटी ओढली. मी दांडी धरून उठलो.

"बाबा, बसा. तुमचं तिकीट चौसाळ्याचं हाय," कंडक्टर म्हणाला.

"असू दे," मी म्हणालो. "माझं हितं उतरायचं राहिलंय."

बाई उठली आणि पिशवी घेऊन माझ्या पुढे उतरली. गावाकडे दोन पावलं गेली, मग थांबली, मी येतो आहे का ते बघायला.